'लंडन ० हल ४': उड्या मारणाऱ्या चाली, चिडलेले शब्द

द हाउसमार्टिन्स या ब्रिटिश पॉप बँडच्या या पहिल्या अल्बमवरून श्रोत्यांमध्ये आजही तट पडतात. कुणाला तो गुणगुणायला सोपा, उन्हाळी गिटार पॉप वाटतो, तर कुणाला पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या काळातल्या ब्रिटनवरची खणखणीत चपराक. तिसरी तक्रारही ठरलेली: चाली इतक्या गोड की राजकारण वाया गेलं. जून १९८६ मध्ये गो! डिस्क्स या रेकॉर्ड कंपनीने अल्बम काढला, ब्रिटिश अल्बम-यादीत तो तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, आणि वाद तेव्हापासून चालूच आहे. तो का पेटतो हे कळायला बँड कुठून आला, हे आधी बघायला हवं.

हल हे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं बंदर. खोल समुद्रातली मासेमारी हा तिथला पोटापाण्याचा धंदा होता. आइसलंडबरोबरचा मासेमारीच्या हक्कांवरून पेटलेला तिसरा कॉड संघर्ष १९७६ मध्ये संपला, आइसलंडची २०० सागरी मैलांची हद्द ब्रिटनला मान्य करावी लागली आणि हलचे ट्रॉलर, म्हणजे मोठ्या मासेमारी बोटी, एकामागोमाग एक बंद पडत गेले. पुढच्या दशकात देशातली बेकारी तीस लाखांच्या पलीकडे गेली. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर चाललेला खाणकामगारांचा संप शेजारच्या यॉर्कशरच्या कोळसापट्ट्यात अगदी जवळून दिसत होता. अल्बमचं नाव फुटबॉलच्या निकालासारखं आहे, आणि राजधानीच्या खात्यात त्यांनी शून्य टाकलंय ते काही उगाच नाही.

बँड १९८३ मध्ये जमला. ग्राफ्टन स्ट्रीटवर राहणाऱ्या पॉल हीटनने रस्त्यावर वाजवणारा जोडीदार हवा म्हणून खिडकीत चिठ्ठी लावली आणि स्टॅन कलिमोर गिटार घेऊन आला. या रस्त्यावरच्या गाण्यातच पुढच्या आवाजाचं बीज आहे. फुटपाथवर हातात असतात दोन गळे, एक गिटार आणि फार तर माउथ ऑर्गन. येणारा-जाणारा काही सेकंदांत पुढे निघून जातो, म्हणून चाल जलद हवी, गाणं आटोपशीर हवं आणि ध्रुवपद पहिल्याच झटक्यात कानात बसायला हवं. पुढे ह्यू व्हिटकर ड्रम्सवर आणि नॉर्मन कुक बासवर आले, जॉन विल्यम्स निर्माता झाला, तरी ही सवय मोडली नाही. 'हॅपी अवर' जेमतेम अडीच मिनिटांचं आहे.

गैरसमजाचा सगळ्यात मोठा वाटाही याच गाण्याचा. साहेबाबरोबर पबमध्ये ओढत नेलेला एक माणूस, पैशाचा तोरा मिरवणारे सहकारी, बायकांबद्दलच्या स्वस्त गप्पा आणि त्या सगळ्याचा आलेला वीट, असा गाण्याचा विषय. पण कडव्यांत शब्द दाटीवाटीने बसवलेत, हीटन ते भराभर उडवतो, आणि ध्रुवपदात शीर्षकाचे दोन शब्द तेवढे मोकळे, लख्ख ऐकू येतात. मद्याचा भाव उतरवण्याच्या वेळेची ती जाहिरात वाटली तर ऐकणाऱ्याला दोष कसा द्यायचा? त्यातून व्हिडिओत मातीच्या बाहुल्या पबमध्ये नाचतात. गाणं एकेरी गाण्यांच्या (सिंगल्सच्या) यादीत तिसरं आलं आणि ज्या पबांची त्यात खिल्ली आहे, तिथेच वाजायला लागलं. माझ्या मते हा फसलेला डाव नाही. मात्र शब्द छापील कागदावर न वाचता निम्मं गाणं हातून निसटतं, ही तक्रार रास्त आहे.

'फ्लॅग डे'मध्ये अशी पळवाट नाही. संथ, पियानोवर उभं असलेलं हे गाणं १९८५ मध्ये एकेरी (सिंगल) म्हणून निघालं तेव्हा फारसं कुणी घेतलं नाही. मदतनिधीसाठी रस्त्यावर डबा वाजवत कागदी झेंडे विकायचे, ही ब्रिटनमधली जुनी पद्धत. आपल्याकडे ७ डिसेंबरला शाळा-कचेऱ्यांत ध्वजदिन निधीची छोटी निशाणं मिळतात, ती प्रथाही याच घराण्यातली. 'लाइव्ह एड' ही दुष्काळग्रस्तांसाठी निधी जमवणारी मोठी मैफल झाली जुलै १९८५ मध्ये. परोपकाराचा उत्साह टिपेला असताना, नाणी गोळा करून गरिबी हटत नाही असं म्हणणारं गाणं त्याच वर्षी आलं. ते उद्धट वाटलेले श्रोते तेव्हाही होते, आजही भेटतात.

वेष्टणावरच्या ओळीनेही गोंधळ वाढवला: येशू घ्या, मार्क्स घ्या, आशा घ्या. डाव्यांना यातला येशू खटकला, चर्चमधल्यांना मार्क्स. गॉस्पेलच्या, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांच्या, सुरावटी मात्र वरवरच्या नव्हत्या. डिसेंबर १९८६ मध्ये वाद्यांशिवाय गायलेल्या 'कॅरॅव्हॅन ऑफ लव्ह'ने त्यांना एकेरी यादीत पहिला क्रमांक दिला. ते ऐकून आलेल्यांनी हा अल्बम विकत घेतला आणि 'शीप'मधली मेंढरासारखं मागे चालणाऱ्यांची टिंगल ऐकून काही जण चांगलेच चपापले.

मतं जुळत नाहीत याचं एक साधं कारण आवृत्त्यांमध्येही आहे. मूळ एलपीवर (मोठ्या तबकडीवर) १२ गाणी आहेत आणि शेवट 'फ्रीडम'वर होतो, म्हणजे कडवट, राजकीय. सीडीवर त्यापुढे आणखी चार गाणी जोडली, त्यांत 'पीपल गेट रेडी' आणि 'ही एन्ट हेवी' आहेत. त्यामुळे अखेरीस सूर प्रार्थनेकडे वळतो आणि तोच अल्बम बराच मवाळ भासतो. 'थिंक फॉर अ मिनिट'चंही तसंच. एकेरीसाठी ते पुन्हा ध्वनिमुद्रित झालं, ते जास्त संथ आहे. रेडिओवर तेच ऐकलेल्याला अल्बममधलं गाणं घाईचं वाटतं. तेव्हा वाद घालण्याआधी समोरच्याकडे कोणती प्रत आहे ते विचारून घ्यावं.

१९८७ मध्ये दुसरा अल्बम आला आणि १९८८ मध्ये बँड मोडला. हीटनने द ब्यूटिफुल साउथ काढला, कुक पुढे फॅटबॉय स्लिम या नावाने नृत्यसंगीताचा डीजे म्हणून जगभर गाजला. त्याच्या नावामागे इथे पोहोचणारा श्रोता नृत्यसंगीताची अपेक्षा घेऊन येतो. त्याला सँपल (दुसऱ्या रेकॉर्डांतून उचललेले तुकडे) वगैरे काही सापडत नाही, सापडतो तो जुन्या सोल (कृष्णवर्णीय अमेरिकी गाण्यांच्या) रेकॉर्डांच्या वळणाचा, सतत पुढे ढकलणारा बास. बाकी या अल्बमच्या चाली उड्या मारतात, त्याचं निम्मं श्रेय त्या बासचंच आहे.