मळीची रम आणि रसाची रम: मार्तिनिकच्या दोन बाटल्या

मार्तिनिक या कॅरिबियन समुद्रातल्या फ्रेंच बेटाची ‘आग्रिकोल’ रम समोर आली की ठरलेले तीन प्रश्न येतात. ही सेंद्रिय आहे का? थेट उसाच्या रसाची, म्हणजे जास्त गोड असेल ना? आणि पांढरी आहे, म्हणजे कच्चीच का? तिन्हींचं उत्तर ‘नाही’ असं आहे. तरी हे प्रश्न संपत नाहीत, कारण खरा फरक कुठे आहे हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

मळीची रम तुम्हाला सांगायला नको. कारखान्यात रस उकळतो, साखर निघते, जी निघत नाही ती काळी चिकट मळी टाकीत जाते आणि पुढे डिस्टिलरीत. बी-हेवी, सी-हेवी हे मळीच्या प्रकारांचे शब्द तर इथेनॉलमुळे आता रोजच्या बातम्यांत असतात. ओल्ड माँक मळीची, जमैकाची प्रसिद्ध रमही मळीची. जगातली बहुतेक रम मळीचीच असते. मार्तिनिकमध्ये मात्र हा नियम उलटा झाला आहे. तिथली बहुतेक रम ताज्या रसाची असते.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो, कारण ती मराठीत लिहिणाऱ्यांनीच बिघडवली आहे. मळीला ‘काकवी’ म्हणू नका. रस आटवून, गूळ होण्याआधी उतरवतात ती काकवी. तिच्यातली साखर कुणी काढून घेतलेली नसते. मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेलं. मार्तिनिकमध्येही काकवीसारखा एक पदार्थ आहे, ‘सिरो द बातरी’. रस कढयांमध्ये आटवून तो करतात. तो ओळखीचा वाटेल, पण त्याचा आणि मळीचा संबंध नाही. रमवरच्या लेखात या दोन्हींना एकच शब्द वापरला की पुढचं सगळं वाचणं फुकट जातं.

आता मुख्य मुद्दा. रसाची आणि मळीची रम यांतला फरक चवीपासून सुरू होत नाही, वेळेपासून सुरू होतो. मळी टिकते, रस टिकत नाही. बाकी बहुतेक फरक या एका गोष्टीतून निघतात.

रसवंतीतला ग्लास तासभर तसाच ठेवून पाहा. हिरवट रस काळपट पडतो, वर फेस धरतो आणि संध्याकाळपर्यंत आंबूस वास मारतो. तोडलेल्या उसाचंही तेच. गाडी दोन दिवस कारखान्याबाहेर नंबरला उभी राहिली तर वजन घटतं आणि साखरेचा उताराही पडतो, हे ऊसपट्ट्यात कुणालाही विचारा. साखर कारखान्याला हे नुकसान थोडंफार सोसतं, कारण शेवटी रस उकळलाच जाणार असतो. रसाची रम करणाऱ्याला ते सोसत नाही. त्याला तोडीनंतर लवकरात लवकर, शक्यतो त्याच दिवशी, ऊस चरकात घालावा लागतो आणि रसाला ताबडतोब यीस्ट लावावं लागतं. उशीर झाला तर आंबवणं त्याच्या हातात राहत नाही, जंतूंच्या हातात जातं.

मग डिस्टिलरी शेताला चिकटूनच असावी लागते. आणि ती वर्षभर चालू शकत नाही. मार्तिनिकमध्ये साधारण फेब्रुवारी ते जून या कोरड्या महिन्यांत ऊस येतो आणि तेव्हाच भट्ट्या धगधगतात. वाफेसाठी जळण म्हणून त्याच उसाची चिपाडं वापरतात. हंगाम संपला की चरक थंड. मळीवाल्याला ही घाई नसते. मळी टाकीत महिनोन् महिने राहते, जहाजातून समुद्र ओलांडते. त्रिनिदादमधला साखरधंदा बंद पडला तरी तिथली रम चालूच आहे, कारण मळी बाहेरून येते. मळीची रम ऊस नसलेल्या देशातही करता येते. रसाच्या रमला ते शक्य नाही.

चवही या घाईतूनच येते. मळी अनेकदा उकळलेली असते, म्हणून तिच्यात जळकट, कॅरमलसारखा, खारट-कडवट असा सूर असतो. उसाचा हिरवा वास त्या उकळ्यांत कधीच उडून गेलेला असतो. रसाला ती आच लागलेलीच नसते. मार्तिनिकची पन्नास टक्के अल्कोहोलची पांढरी रम उघडून नाकाजवळ धरा. आधी अल्कोहोलचा झटका बसतो. क्षणभर थांबलात की चरकातून नुकत्याच बाहेर पडलेल्या चिपाडाचा वास येतो: ओलं गवत, केळीचं साल, थोडी मिरी.

हा वास टिकवायला भट्टीही तशीच लागते. मार्तिनिकमध्ये तांब्याचा उभा स्तंभ वापरतात, त्याला ‘क्रेओल’ स्तंभ म्हणतात. त्यातून उतरणारी दारू नियमाने ६५ ते ७५ टक्क्यांच्या आतच असावी लागते. हलकी मळीची रम बऱ्याच ठिकाणी नव्वदीच्या वर नेतात. तिथे अल्कोहोल शुद्ध होतं आणि ऊस हरवतो.

गोडीचा गैरसमज दोन ओळींत मिटतो. रसातली साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि उरलीसुरली स्तंभातून वर चढत नाही. भट्टीतून उतरलेली रम मळीची असो की रसाची, तिच्यात साखर नसते. बाटलीतली रम गोड लागली तर ती गोडी नंतर घातलेली असते. रंगाचंही तसंच. रंग पिंपाचा किंवा कॅरमलचा असतो. रसाची जुनी रम गडद तपकिरी असते आणि मळीची रम पाण्यासारखी पांढरी असू शकते. रंग पाहून काहीही ठरवू नका.

‘आग्रिकोल’ म्हणजे सेंद्रिय, हा समज मात्र इतिहास माहीत नसल्यामुळे होतो. शब्दाचा अर्थ ‘शेतीची’ आणि त्याच्या विरुद्ध होता ‘कारखान्याची’. सतराव्या-अठराव्या शतकात मार्तिनिकवर गुलामांच्या श्रमावर साखर निघायची आणि मळी, कढयांवरचा फेस यांची दारू व्हायची. तिला ताफिया किंवा गिल्दीव म्हणत. १६९४ साली आलेल्या पेर लाबा या डोमिनिकन पाद्र्याने तिथल्या मठाच्या मळ्यात दारू गाळण्याची पद्धत सुधारली. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली. मळेवाल्यांनी मग करारावर हिंदुस्थानातून मजूर आणले. १८५३ मध्ये पहिलं जहाज आलं, माणसं बहुतेक तमिळ मुलखातली होती. पुढे मोठे मध्यवर्ती साखर कारखाने उभे राहिले. त्यांच्या मळीची रम सेंट-पिएर शहरात गाळून फ्रान्सला जायची.

मग युरोपातल्या बीटच्या साखरेने भाव पाडले. ज्या लहान मळ्यांना साखर परवडेना, त्यांनी थेट रसाचीच दारू गाळायला सुरुवात केली. ही शेतकऱ्याची रम, म्हणून ‘आग्रिकोल’. १८८७ मध्ये ल फ्राँस्वा गावचा मळा विकत घेणारे डॉक्टर ओमेर क्लेमाँ यांचं नाव या रमशी आजही जोडलं जातं. ८ मे १९०२ रोजी पेले ज्वालामुखीने सेंट-पिएर जाळून टाकलं. सुमारे २८ हजार माणसं गेली आणि त्यांच्यासोबत तिथल्या मळीच्या डिस्टिलऱ्याही. पुढे शेताची रमच बेटाची ओळख बनली. ५ नोव्हेंबर १९९६ रोजी तिला फ्रान्सच्या वाइनसारखा अधिकृत भौगोलिक दर्जा मिळाला. ऊस कोणत्या गावांत पिकवायचा, रसात साखर किमान किती हवी, ‘व्यू’ म्हणजे जुनी म्हणायला लाकडात किमान तीन वर्षं हवीत, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. खताबद्दलचं वचन या शब्दात कधीच नव्हतं.

मळीची रम मी कमी लेखतो आहे असं वाटत असेल तर त्याच बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, ला त्रिनिते गावी चला. ल गालियाँ हा बेटावरचा शेवटचा साखर कारखाना तिथे आहे. तो मळीची रम करतो, आणि तिच्यातल्या ‘ग्राँ आरोम’ प्रकारात आधीच्या खेपेला भट्टीत उरलेलं आंबट पाणी घालून कित्येक दिवस आंबवतात. वास इतका उग्र की थोडी रम मोठ्या मिश्रणाला पुरते. रसाची रम हिरवी आणि ताठ, तर ही पिकलेल्या, सडायला आलेल्या फळासारखी. एकाच बेटाचा ऊस, तरी दोन्ही ग्लास शेजारी ठेवल्यावर कुणाचीही गल्लत होणार नाही.

पिण्याबाबत माझं मत ठाम आहे. मळीच्या रममध्ये कोला चालतो, रसाच्या पांढऱ्या रममध्ये अजिबात नाही, कारण जे चाखायचं तेच कोला झाकून टाकतो. तिच्यासाठी मार्तिनिकने ‘ति-पाँश’ ठरवून ठेवला आहे. हिरव्या लिंबाची बाजूने नाण्याएवढी चकती कापायची, सालीसकट. लहान ग्लासावर ती दाबायची, म्हणजे सालीचं तेल काचेवर उडतं, मग ती आतच टाकायची. चमचाभर उसाचा पाक घालून ढवळायचं आणि वर पन्नास टक्क्यांची रम. बर्फ नको. तिथे बाटली, लिंबू आणि पाक टेबलावर ठेवून देतात आणि प्रमाण ज्याचं त्याने ठरवायचं असतं. जुनी रम मात्र पाक, लिंबू काही न घालता.

विकत घेताना बाटलीच्या पुढच्या बाजूचं चित्र सोडा आणि बारीक अक्षर वाचा. ‘आग्रिकोल’ हा शब्द युरोपीय संघात फक्त फ्रान्सच्या सागरपार प्रांतांना आणि पोर्तुगालच्या मदेराला वापरता येतो. त्याच्या पुढे ‘मार्तिनिक’ आणि अधिकृत दर्जाची तीन अक्षरं, ‘ए-ओ-सी’, असतील तर तो रस त्याच बेटावरच्या उसाचा आहे. ‘त्रादिस्योनेल द सुक्ररी’ असं लिहिलेलं असेल तर ती मळीची.