टास्क: बंगळुरूच्या फळ्यापासून मोबाईलच्या पडद्यापर्यंत

भाषेच्या वर्गात डिजिटल साधनं कशी वापरावीत, ही चर्चा निघाली की 'टास्क', म्हणजे भाषा वापरून पुरं करायचं काम, हा शब्द हटकून येतो. टास्कमधून भाषा शिकवण्याचा हा विचार आपल्याच देशातल्या वर्गांमध्ये घडला, आणि तिथे साधन म्हणून होता खडू, फळा आणि कागद.

१९७९ ते १९८४ या काळात बंगळुरू, मद्रास, कडलूर इथल्या काही शाळांत इंग्रजी शिकवण्याचा एक प्रयोग झाला. त्यातला एखादा तास असा चाले: फळ्यावर रेल्वेचं वेळापत्रक. गाडी किती वाजता सुटते, कुठे किती थांबते, अमुक वेळेला पोहोचायचं तर कोणती पकडावी, असं शिक्षक साऱ्या वर्गाला विचारत पुढे जात. मग तसंच दुसरं वेळापत्रक, आणि ते ज्याचं त्याने सोडवायचं. गाडी बरोबर निवडली की गुण. वाक्यात चूक झाली म्हणून गुण कापायचे नाहीत. व्याकरणाची ठरलेली यादी नव्हती. लक्ष अर्थात गुंतलं की व्याकरण आतल्या आत रुजतं, ही त्यामागची धारणा. गटकामही मुद्दाम टाळलं होतं, कारण मुलं एकमेकांचं मोडकंतोडकं इंग्रजी उचलतील, ही भीती. पुढे मूल्यमापन झालं तेव्हा व्याकरणरचनेच्या चाचणीत जुन्या पद्धतीचे वर्ग सरस ठरले, टास्कच्या चाचणीत प्रयोगातले. दोन्ही बाजूंना आपलंच खरं वाटत राहिलं.

खरा घोळ सुरू झाला तो शब्दाच्या अर्थावरून. १९८५ मध्ये पाश्चात्त्य अभ्यासकांकडून आलेल्या एका व्याख्येत कुंपण रंगवणं, मुलाला कपडे घालणं, विमानाचं तिकीट काढणं हे सगळं टास्क होतं. बंगळुरूत टास्क म्हणजे डोकं चालवायला लावणारं, उत्तर निश्चित असलेलं कोडं. नंतर सर्वसाधारण सहमती झाली ती अशी: टास्क संपल्यावर हातात भाषेपलीकडचं काहीतरी यावं. ठरलेला बेत, काढलेला नकाशा, घेतलेला निर्णय. आणि ते मिळवण्यासाठी भाषा अर्थासाठी वापरण्यावाचून गत्यंतर नसावं.

मराठीत या घोळात आणखी भर पडली. स्वाध्याय, उपक्रम, प्रकल्प, कृती हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. दहावीच्या भाषेच्या प्रश्नपत्रिकेची 'कृतिपत्रिका' झाली, हेतू चांगलाच होता. पण 'चौकटी पूर्ण करा', 'आकृतिबंध पूर्ण करा' यांत उताऱ्यातला शब्द उचलून ठेवला की काम भागतं. त्या उत्तराची कुणालाच गरज नसते. तपासणाऱ्याला ते आधीच ठाऊक असतं. 'स्वमत' त्यामानाने टास्कच्या जवळ जाणारं, पण त्याचीही तयार उत्तरं पाठ होतात. या सगळ्याला कृती म्हणायची सवय लागल्यामुळे अ‍ॅपमधल्या रिकाम्या जागांनाही आपण बिनदिक्कत टास्क म्हणू लागलो. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं. फळ्यावरचा स्वाध्याय पडद्यावर गेला, त्याला रंग आणि टाळ्यांचा आवाज आला. मुलाने कुणाशी काही बोलावं अशी वेळ त्यात येतच नाही.

साधनांचा स्वतःचा इतिहास वेगळ्याच वाटेने आला. सुरुवातीचे भाषेचे संगणक-कार्यक्रम बहुतांशी घोकंपट्टीचे होते. १९९५ च्या सुमारास अमेरिकेत 'वेबक्वेस्ट' आलं: प्रश्न द्यायचा, संकेतस्थळं द्यायची, गटाने शोधून निर्णय मांडायचा. टास्क आणि इंटरनेट यांची गाठ तिथे नीट पडली. पुढे ऑनलाइन नकाशे आले, एकाच कागदावर चौघांनी लिहायची सोय आली. बंगळुरूने टाळलेलं गटकाम आता साधनांच्या रचनेतच बसलं.

आपल्याकडे मोठी उडी पडली ती २०१६ नंतर डेटा स्वस्त झाल्यावर आणि २०२० च्या टाळेबंदीत. वर्ग व्हॉट्सअ‍ॅपवर गेले. पुष्कळ ठिकाणी वहीच्या पानांचे फोटो वर-खाली होण्यापलीकडे काही घडलं नाही. पण जिथे शिक्षकाने विचार केला, तिथे चित्र निराळं होतं. एका मुलीला फक्त गाड्यांच्या वेळा पाठवायच्या, दुसरीला फक्त तिकिटांचे दर, आणि दोघींनी मिळून सहल ठरवायची, इंग्रजीतून, व्हॉइस नोट पाठवून. मुलगी बोलते, स्वतःचंच ऐकते, पुसून टाकते, पुन्हा बोलते. तिसऱ्या वेळचं वाक्य पहिल्यापेक्षा सरळ असतं, आणि ते दुरुस्त करायला कुणी सांगितलेलं नसतं. वर्गात उभं राहून बोलताना ही पुसायची सोय नव्हती.

यांत्रिक भाषांतराने आणि २०२२ अखेरपासून चॅटबॉटने मात्र नवा पेच टाकला आहे. मराठीत बोललं की इंग्रजी तयार. सहल ठरते, पण मुलीच्या तोंडून इंग्रजी निघतच नाही. म्हणून काही शिक्षक शेवटचा टप्पा पुन्हा समोरासमोर घेतात: फोन दप्तरात, वेळापत्रक हातात, आणि 'हीच गाडी का निवडली?' हा प्रश्न.