नखभर वंगण

एका शनिवारी सकाळी, काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या दाबून मापात आणायच्या माझ्या गॅरेजमधल्या प्रेसचा दांडा अर्ध्यातच अडकला, वर जाईना की खाली येईना. मी अंगातला सगळा जोर लावला, कट्‌ असा आवाज आला आणि दांडा एकदम मोकळा झाला. वाटलं सुटलं एकदाचं, पण बघतो तर पुंगळीची नुसती बुडाची कड फाटून हातात आलेली आणि बाकीचं सगळं पितळ डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, चिणून बसलेलं. पन्नास पुंगळ्यांपैकी त्या एकीला वंगण लावायचं राहून गेलं होतं, बस्स एवढंच.

मी डॅलसजवळ राहतो, रेंजवर लांब पल्ल्याची नेमबाजी करतो आणि वापरलेल्या पुंगळ्या घरीच परत भरतो, इकडे त्याला रीलोडिंग म्हणतात. अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, धंदा म्हणून विकायची असतील तर लागतं. भारतात तसं नाही हां, तिथे 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं सरळ गुन्हा आहे. त्यामुळे हा लेख काडतूस कसं भरायचं हे शिकवण्यासाठी नाहीये. मला बोलायचंय ते त्यातल्या वंगणाबद्दल, कारण घर्षण कुठे मारायचं आणि कुठे जपायचं हे मला इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये जेवढं कळलं नाही तेवढं या बोटभर पितळेने शिकवलं.

पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. थ्री-ओ-एट विंचेस्टरसारख्या रायफलच्या काडतुसात गोळी झाडताना कमाल दाब 62,000 पीएसआय धरलेला असतो, आपल्या गाडीच्या टायरमध्ये 32 वगैरे असतो त्यावरून अंदाज करा. त्या दाबाने पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला घट्ट चिकटते, मागून गॅस निसटू देत नाही, आणि दाब उतरला की जरा आक्रसते म्हणून तर बाहेर काढता येते. पण पूर्ण मूळ मापावर काही येत नाही. मग परत वापरायची तर तिला पोलादाच्या डायमध्ये दाबून मूळ मापाला आणायची, आणि वंगणाचा सगळा खेळ इथे आहे.

धातू कितीही घासूनपुसून चकचकीत केला तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो खडबडीतच असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले की फक्त उंचवट्यांची टोकं टेकतात आणि सगळा भार त्या इवल्याशा टोकांवर येतो. तिथे पितळ पोलादाला अक्षरशः जोडलं जातं, उष्णता न देता केलेलं वेल्डिंगच म्हणा ना. पुढे सरकवलं की मऊ पितळाचा कण तुटून डायला चिकटून राहतो, मग पुढची पुंगळी आली की पितळावर पितळ घासतं, ते तर आणखीनच धरतं आणि पुंगळीवर उभे ओरखडे उठतात. आणि धरलंच नीट तर माझ्यासारखं होतं.

बरेच नवीन लोक विचारतात की इंजिन ऑइल लावलं तर काय बिघडलं. बिघडतं असं की इंजिनमध्ये भाग जोरात फिरत असतात, त्या वेगामुळे तेल फटीत ओढलं जातं आणि दोन धातूंच्या मध्ये तेलाचा थर टिकतो. प्रेसवर वेग जवळपास नाहीच आणि दाब मात्र प्रचंड, मग पातळ तेल पिळून बाजूला जातं आणि धातू धातूला भिडतो. इथे असा पदार्थ पाहिजे ज्याचे रेणू एका टोकाने धातूला धरून ठेवतात आणि दुसऱ्या टोकाने निसरडे राहतात. विल्यम बेट हार्डी या इंग्रज शास्त्रज्ञाने 1920 च्या आसपास यावर मूळचं काम केलं, बाउंड्री लुब्रिकेशन म्हणतात त्याला. आपल्याकडे कासारीण घट्ट बांगडी भरताना हाताला तेल न लावता साबण लावते ना, साबणाचा रेणू पण असाच दोन स्वभावांचा असतो. कारखान्यात पितळेच्या चकतीपासून वाटी आणि वाटीपासून लांब पुंगळी ओढत नेतात तेव्हाही साबणाचं पाणी वापरायची जुनी रीत आहे.

रीलोडिंगवाल्यांचा लाडका पदार्थ मात्र लॅनोलिन, म्हणजे मेंढीच्या लोकरीतलं मेण. घरात तान्हं बाळ असेल तर आईच्या क्रीमच्या ट्यूबवर हे नाव वाचलं असेल, तेच हे. बरेच जण 1 भाग पातळ लॅनोलिन आणि साधारण 12 भाग 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून स्प्रे करतात, हे मोकळ्या हवेत आणि आगीपासून लांबच करायचं, आणि अल्कोहोल पूर्ण उडून जाईपर्यंत थांबायचं, कारण ओल्या पुंगळीवर जे निसरडं वाटतं ते अल्कोहोल असतं, मेण नाही. मी स्वतः डबीतलं मेण वापरतो. अंगठा आणि बोटाला नखभर घ्यायचं, पुंगळी चिमटीत धरून फिरवायची, बुडाकडचा भाग मेणाने नीट माखला गेला पाहिजे कारण सगळ्यात जास्त दाबलं जातं ते तिथेच. तीनचार पुंगळ्या झाल्या की परत नखभर. हात बसला की दांडा असा उतरतो की जणू लोण्यात सुरी.

जास्त लावलं तर जास्त चांगलं असं समजू नका. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे खांद्यापाशी जिथे पुंगळी निमुळती होते तिथे साचलेलं वंगण कुठे जाणार, ते पितळालाच आत ढकलतं आणि छोटा खळगा पडतो. पुंगळीच्या मानेच्या, म्हणजे तोंडाकडच्या अरुंद भागाच्या, आतून एक गोळा बाहेर ओढला जातो तिथेही कोरडं घर्षण नको, कर्र असा आवाज आला की समजायचं मान ताणली जातेय. तिथे मी ओलं काही घालत नाही, कारण आत राहिलेलं तेल पुढे काडतुसात भरायची स्फोटक पावडर खराब करतं, ग्रॅफाइटची पूड ब्रशने फिरवली की पुरतं. पिस्तुलाच्या सरळ पुंगळ्यांना तर टंगस्टन कार्बाइडची डाय मिळते, त्याला पितळ चिकटतच नाही म्हणून वंगणाशिवाय भागतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. डायमधून निघाली की तीच पुंगळी पुसून अगदी कोरडी करायची. चेंबरमध्ये पुंगळी भिंतीला धरून राहते ते घर्षण आपल्याला हवं असतं, चेंबर मागून बंद करणाऱ्या बोल्टवर येणाऱ्या धक्क्यातला काही भाग ती भिंत घेते. तेलकट पुंगळी घसरते आणि सगळा मार बोल्टवर. याच्या उलटंही लोकांनी करून पाहिलंय, इटलीच्या ब्रेडा 30 मशीनगनमध्ये पुंगळी सहज सुटावी म्हणून काडतुसाला तेल लावणारा पंपच होता, आणि दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्या तेलाला वाळू चिकटून बंदुका अडकायच्या. काडतुसाच्या चरबीने काय होऊ शकतं हे तर आपल्याला 1857 पासून माहितीये. एनफिल्डच्या कागदी काडतुसाला ती चरबी हौसेने लावलेली नव्हती, नळीच्या पेचात गोळी वरून ठासताना सरकावी म्हणून होती. गरज वंगणाची होती, चरबीचीच नव्हती, मधमाशीचं मेण आणि वनस्पती तेलानेही ते काम झालं असतं.

पुसायला मी अल्कोहोलचं फडकं वापरतो किंवा मक्याच्या कणसाच्या भुशात तासभर फिरवतो. अमोनिया असलेलं पितळेचं पॉलिश मात्र चुकूनही नाही. याची गोष्ट आपल्या पावसाळ्याशी जोडलेली आहे. ब्रिटिशांच्या काळात भारतात पावसाळ्यात तबेल्यांजवळ ठेवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकायच्या, म्हणून इंग्रजीत त्याला सीझन क्रॅकिंग हे नाव पडलं. 1921 मध्ये उलगडा झाला, घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि पितळ ओढताना आत राहिलेला ताण या तिघांनी मिळून पितळाच्या कणांमधले सांधे कुरतडले जायचे. पुण्याच्या खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 चा, म्हणजे हे सगळं घडत होतं तेव्हा आपल्याकडे काडतुसांचं काम सुरू होतं. डायमध्ये दाबलेल्या पुंगळीतही ताण असतोच, म्हणून ही काळजी.

प्रेसच्या दांड्याला आणि सांध्यांना मात्र साधं मशीन ऑइल चालतं, तिथे दाब कमी असतो. पण आधी पुसून घ्या. जुन्या प्रायमरची, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीची, राख प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या रॅमवर पडते, ती तेलात मिसळली की पॉलिश पेपरसारखी लोखंड खात बसते, आणि त्या राखेत शिसं असतं म्हणून काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय मी मुलीला जवळ घेत नाही.

अडकलेली ती पुंगळी शेवटी बुडाला भोक पाडून, आटे पाडून, बोल्ट पिळून ओढून काढली, अर्धा दिवस गेला. डायच्या आत टॉर्च मारून पाहिलं तर पितळाची एक पिवळी रेघ अजून होती, ती घासून जाईपर्यंत दिवे लागायची वेळ झाली होती.