पदवीनंतरची उमेदवारी: बालवॉर्डातल्या नव्या सिस्टरच्या प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

इंदूरमध्ये नुसतं 'रेसिडेन्सी' म्हणालात, तर रिक्षावाला तुम्हाला रेसिडेन्सी कोठीवर नेऊन सोडेल. होळकरांच्या दरबारावर नजर ठेवायला नेमलेला इंग्रजांचा रेसिडेंट राहायचा, ती ही जागा. रुग्णालयातला हा शब्दही मुक्कामावरूनच आला. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालय 1889 मध्ये सुरू झालं आणि तिथे विल्यम ऑस्लर यांनी पदवी घेतलेल्या तरुण डॉक्टरांना रुग्णालयातच ठेवून घेऊन तयार करायची पद्धत रुजवली. आपल्याकडचे 'निवासी डॉक्टर' त्याच परंपरेतले. गंमत म्हणजे नर्सही तेव्हा रुग्णालयाच्या आवारातच राहत होत्या, फार तर जास्तच काटेकोर शिस्तीत. त्यांना मात्र कुणी रेसिडेंट म्हटलं नाही. नर्सच्या प्रशिक्षणाला हे नाव ठळकपणे चिकटायला शंभरेक वर्षं जावी लागली, आणि त्यात एका बालरुग्णालयाचा वाटा मोठा होता.

बालरुग्णालयाचाच का, हे एका साध्या औषधावरून कळतं. 8 किलोचं बाळ तापलंय. पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम, म्हणजे 120 मिलिग्रॅम द्यायचंय. कपाटात तीन बाटल्या आहेत: थेंबांच्या बाटलीत 1 मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम, एका सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 120, दुसऱ्यात 5 मिलिलिटरला 250. त्यामुळे तोच डोस एका बाटलीतून 1.2 मिलिलिटर, दुसरीतून 5 आणि तिसरीतून 2.4. घाईत थेंबांच्या बाटलीतून 5 मिलिलिटर ओढलं, की चौपटीहून जास्त औषध पोटात. मोठ्यांच्या वॉर्डात ही गोळी विचार न करता हातावर ठेवली जाते.

सलाईनचंही तसंच. मोठ्यांच्या सेटमधून साधारण 20 थेंबांना 1 मिलिलिटर जातं, मुलांच्या मायक्रोड्रिपमधून 60 थेंबांना. नवजात बाळाची नाडी 140 असली तर सगळं ठीक. मोठ्या माणसाची तेवढी झाली तर धावपळ. आणि सगळ्यात फसवी गोष्ट रक्तदाबाची. मूल शॉकमध्ये जाऊ लागलं, म्हणजे अवयवांना पुरेसा रक्तपुरवठा होईनासा झाला, तरी त्याचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि घसरतो तो अगदी शेवटी. त्याआधीच्या खुणा, म्हणजे गार पडलेले तळपाय, वाढलेला श्वास, 'आज हा रडतच नाहीये' हे आईचं वाक्य, या पुस्तकात असतात, पण ओळखता येतात त्या कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवल्यावर.

हे शहाणपण काही आजचं नाही. लंडनचं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटचं बालरुग्णालय 1852 मध्ये 10 खाटांवर सुरू झालं. त्याचे संस्थापक डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी दोनच वर्षांत नर्ससाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. तिथल्याच कॅथरीन वूड यांनी 1888 मध्ये स्पष्ट मांडलं की आजारी मुलांची शुश्रूषा वेगळी, म्हणून ती करणाऱ्यांचं शिक्षणही वेगळं हवं. दरम्यान 1860 मध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेल यांची शाळा सेंट थॉमस रुग्णालयात निघाली होती. शिकाऊ मुलगी रुग्णालयात राहील, काम करील आणि कामातून शिकेल, हा तिचा साचा भारतातही आला. मराठी वाचकांना त्याची ओळख रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनामुळे आहे. 1909 मध्ये सुरू झालेल्या त्या संस्थेने घरात कोंडलेल्या बायकांना, विधवांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला धाडलं, तेही लोक नावं ठेवत असताना.

या पद्धतीला आपल्याकडे नेमका शब्द आहे: उमेदवारी. माझी आत्या जनरल नर्सिंग झाली ती याच रीतीने. ती सांगते, "पहिलं वर्ष बेड लावण्यात आणि बेडपॅनमध्ये गेलं, पण पास झाले तेव्हा नाईटला एकटीनं वॉर्ड सांभाळायची मला भीती नव्हती." यात खरं तेवढंच दुखणंही आहे. शिकाऊ मुली म्हणजे रुग्णालयाला स्वस्तात मिळणारे हात होते. वर्ग बुडाला तरी चाले, ड्युटी बुडून चालत नसे. म्हणून शिक्षण रुग्णालयातून काढून कॉलेजात नेण्याची मागणी योग्यच होती. 1946 मध्ये दिल्ली आणि वेल्लोर इथे बी.एस्सी. नर्सिंग सुरू झालं. त्याच वर्षी आलेल्या, देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या अहवालाने देशात जेमतेम 7,000 नर्स असल्याचं दाखवून दिलं. 1947 च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषदेची, म्हणजे नर्सिंगच्या शिक्षणावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेची, तजवीज झाली. नर्स विद्यार्थिनी झाली, ते चांगलंच झालं. पण ती वॉर्डात पाहुणीसारखी येऊ लागली.

या बदलाची किंमत अमेरिकेत आधी मोजली गेली. नर्सिंगच्या अभ्यासक मार्लीन क्रेमर यांनी 1974 मध्ये तिला 'रिअ‍ॅलिटी शॉक' असं नाव दिलं. कॉलेजात एका रुग्णाची सगळी काळजी नीट, क्रमाने घ्यायला शिकवतात. वॉर्डाला मात्र वीस रुग्णांची कामं वेळेत उरकलेली हवी असतात. या ओढाताणीत नवी नर्स काही महिन्यांतच नोकरी सोडते. 1984 मध्ये अशाच दुसऱ्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी नवशिकी ते निष्णात अशा पाच पायऱ्या मांडल्या. त्यातला बालवॉर्डासाठी मोलाचा मुद्दा असा, की एका प्रकारच्या रुग्णांत मुरलेली नर्स अगदी वेगळ्या रुग्णांमध्ये गेली की पुन्हा जवळपास नवशिकी होते. बदल्यांचे आदेश काढणाऱ्यांनी हे वाचलेलं दिसत नाही.

मग 1999 मध्ये लॉस एंजेलिसच्या बालरुग्णालयाने नव्या पदवीधर नर्ससाठी रेसिडेन्सी सुरू केली. पगार पहिल्या दिवसापासून, पण पूर्ण रुग्णभार नाही. थोडा वर्ग, थोडा सराव आणि वॉर्डात एका अनुभवी नर्सशी बांधलेली जोडी. शिवाय ठरावीक दिवशी सगळ्या नव्यांनी एकत्र बसून मन मोकळं करायचं. हाच कार्यक्रम पुढे 'व्हर्संट' नावाने इतर रुग्णालयांत गेला. 2002 मध्ये तिथल्या विद्यापीठीय रुग्णालयांनी आणि नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने मिळून वर्षभराचा अभ्यासक्रम आणला. 2010 मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाने अशा रेसिडेन्सीची उघड शिफारस केली. जपानने त्याच वर्षी नव्या नर्सच्या प्रशिक्षणासाठी प्रयत्न करणं कायद्याने रुग्णालयांवर सोपवलं. ब्रिटनमध्ये जवळपास हीच गोष्ट 'प्रिसेप्टरशिप' नावाने नव्वदीपासून चालत आली आहे.

आपल्याकडे शब्द आला, पण वेगळ्याच जागी बसला. क्रिटिकल केअरमधला (अतिदक्षतेतला) नर्स प्रॅक्टिशनरचा, म्हणजे जास्त अधिकार असलेल्या तज्ज्ञ नर्सचा, दोन वर्षांचा अभ्यासक्रम 'रेसिडेन्सी' म्हणवतो, पण तो पदव्युत्तर आहे. बी.एस्सी.च्या 2021 पासून लागू झालेल्या सत्रपद्धतीत आठव्या सत्रातल्या 22 आठवड्यांच्या इंटर्नशिपलाही 'रेसिडेन्सी पोस्टिंग' म्हटलंय. त्यातले बालआरोग्याच्या वाट्याला 4 आठवडे. आधीच्या सत्रांतल्या पोस्टिंग वेगळ्या धरल्या तरी हे सगळं पदवीच्या अलीकडचं. नोंदणी झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे जिथे खरी ठेच लागते तिथे, ठरलेलं असं काही नाही. अपवाद म्हणता येईल तो एसएनसीयूचा, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या विशेष काळजी विभागाचा. 2003 मध्ये पश्चिम बंगालमधल्या पुरुलियातून सुरू झालेली ही जिल्हा पातळीवरची युनिट राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून देशभर पसरली. तिथल्या नर्ससाठी 4 दिवसांचा वर्ग आणि मग मोठ्या केंद्रात 14 दिवस प्रत्यक्ष निरीक्षण असा क्रम ठरलेला आहे. वर्षाच्या जागी अठरा दिवस, पण निदान काहीतरी लिहिलेलं आहे.

इंदूरसाठी या प्रश्नाला आणखी एक कडा आहे. वैद्यकीय शिक्षणाची परंपरा इथे 1878 च्या मेडिकल स्कूलपासूनची. 1948 मध्ये महात्मा गांधी स्मृती मेडिकल कॉलेज झालं. सात मजली एम. वाय. (महाराजा यशवंतराव) रुग्णालय आणि चाचा नेहरू बालचिकित्सालय त्याच कॉलेजशी जोडलेले. नीमच-खरगोनपासूनची मुलं इथे आणली जातात. म्हणजे शिकायला रुग्णांची वानवा नाही. पण याच मध्य प्रदेशात उच्च न्यायालयाला तीनशेहून अधिक नर्सिंग कॉलेजांची सीबीआय चौकशी लावावी लागली, कारण काहींकडे इमारत नव्हती, काहींकडे शिक्षक, तर काहींकडे रुग्णालय. मे 2024 मध्ये अनुकूल अहवालासाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून तपास करणारेच काही अधिकारी पकडले गेले आणि फेरतपासणी झाली. या गोंधळात परीक्षा वर्षानुवर्षं लांबल्या. त्यातून पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या मुलीने किती आजारी बाळं हाताळली असतील, हे तिच्या गुणपत्रिकेवरून कळत नाही.

मग शिकवतं कोण? इन-चार्ज सिस्टर. रामबागेतली आमच्या ओळखीची एक मुलगी दोन वर्षांपूर्वी एका खासगी रुग्णालयाच्या बालअतिदक्षता विभागात लागली. पहिल्या आठवड्यात तिथल्या केरळी सिस्टरने तिला एकच नियम घातला: इंजेक्शन भरल्यावर सिरिंज, व्हायल आणि लिहिलेली ऑर्डर तिन्ही घेऊन माझ्याकडे यायचं, मी जेवत असले तरी. ते सहा आठवडे चाललं. मग सिस्टरची ड्युटी बदलली आणि नियमही तिच्याबरोबर गेला. तो कुठे लिहिलेलाच नव्हता.

अमेरिकी रुग्णालयांनी वर्षभर पगार देऊन शिकवलं, त्यामागे निव्वळ कळवळा नव्हता. सोडून गेलेल्या नर्सच्या जागी नवी शोधून तयार करणं त्यांना जास्त महाग पडत होतं आणि नर्सची टंचाई होती. इथे एका जागेसाठी अर्जांचा गठ्ठा येतो. मुलगी सहा महिन्यांत गेली तर पुढच्या सोमवारी दुसरी हजर होते, आणि हिशोबाच्या वहीत त्या जाण्या-येण्याचा खर्च कुठल्याच रकान्यात पडत नाही.