ट्रेडल (जॉब-मुद्रणयंत्र)

लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, हस्तपत्रके, पाकिटे अशी किरकोळ कामे छापणारे पायाने चालवायचे लहान खिळामुद्रण यंत्र (खिळे म्हणजे धातूची सुटी अक्षरे). यात खिळ्यांचा फर्मा (जुळवलेल्या मजकुराची चौकट) उभा बसवतात आणि कागद धरणारा बिडाचा पाट त्यावर शिंपल्यासारखा मिटतो. शाईची तबकडी वर असते. दर फेऱ्याला ती थोडी फिरते, रूळ तिच्यावरची शाई घेऊन फर्म्यावर उतरतात. कागद हाताने लावायचा व काढायचा.

जनकत्वाचा मान बहुधा न्यूयॉर्कच्या जॉर्ज गॉर्डन यांना देतात (पहिले एकस्व म्हणजे पेटंट १८५१). मात्र बॉस्टनचे स्टीफन रगल्स यांची जॉबयंत्रे १८४० च्या आगेमागे चालू होती, आणि पायाच्या बळाचा वापर डॅनिएल ट्रेडवेल यांनी १८२० च्या सुमारासच केला होता. (‘ट्रेडल’ म्हणजे पायटा, पायाने दाबायची फळी; ट्रेडवेल या नावाशी त्याचे साम्य योगायोगाचे.) ही रचना दिवंगत अमेरिकी मुद्रक व मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने आपल्याला स्वप्नात सांगितली, असे गॉर्डन म्हणत. ही आख्यायिका बाजूला ठेवली तरी पुढच्या कारखानदारांनी नमुना उचलला तो गॉर्डन यांचाच, हे महत्त्वाचे. नॉटिंगहॅमच्या क्रॉपर कंपनीचे ‘मिनर्व्हा’ त्यावरूनच बेतलेले. इंग्लंडात पुढे अशा यंत्रांना सरसकट ‘क्रॉपर’ म्हणू लागले. क्लीव्हलंडच्या चँडलर अँड प्राइस या १८८१ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीने गॉर्डन-पद्धतीची यंत्रे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत बनवली. कागद आपोआप उचलणारे ‘हायडलबर्ग’ हे जर्मन यंत्र १९१४ मध्ये लाइपझिगच्या प्रदर्शनात दिसले. भारतात ट्रेडल बनवण्यासाठी अमृतसर प्रसिद्ध होते.

मराठवाड्यात निजामी अमलात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. नस्तालिक या उर्दूच्या लेखनशैलीचे वळण खिळ्यांत नीट उतरत नसल्याने उर्दू मजकुराला शिळाछाप (दगडावरून छपाई) हीच सोयीची पडे. ट्रेडलचा आधार देवनागरी कामाला. देवनागरीला काना-मात्रा-जोडाक्षरांसह शेकडो प्रकारचे खिळे लागतात. पुस्तकाला ते मणांनी हवेत. पत्रिकेचा फर्मा थोडक्या खिळ्यांत जुळतो आणि छपाई होताच खिळे सुटे करून पुन्हा खणांच्या पेटीत (‘केस’मध्ये) टाकता येतात. तालुक्याच्या गावी छापखाना परवडला तो या हिशेबामुळे. १९४८ नंतर मराठीत कारभार, शाळा, निवडणुका यांची कामे वाढली. मोटार जोडल्यावरही यंत्र ‘ट्रेडल’च राहिले, वीज गेली की पायटा होताच.

ऑफसेट व संगणकी अक्षरजुळणी आल्यावर पत्रिकांचे काम गेले. पावत्यांवर क्रमांक टाकणे, टोचरेघ (फाडण्यासाठी भोकांची ओळ) पाडणे, डायकटिंग (साच्याने कागद हव्या आकारात कापणे) यांसाठी काही ट्रेडल अजून चालतात.