कटऑफचा नॉब आणि व्होल्टेजची बेरीज

अमेरिकी अभियंते रॉबर्ट मूग यांच्या मॉड्यूलर सिंथेसायझरमध्ये, म्हणजे सुटे भाग (मॉड्यूल) तारांनी जोडून आवाज घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक वाद्यात, ‘९०४ए’ या क्रमांकाचे एक फिल्टर मॉड्यूल, म्हणजे आवाजातला काही भाग गाळणारे मॉड्यूल, असे. आज ज्या नॉबला सर्रास ‘कटऑफ’ म्हटले जाते, त्या नॉबवर मूग यांनी ‘फिक्स्ड कंट्रोल व्होल्टेज’, म्हणजे ‘स्थिर नियंत्रक व्होल्टेज’, असे छापले होते. नाव रुक्ष आहे आणि वाजवणाऱ्याला ते फारसे काही सांगत नाही. तरीही तो नॉब खरोखर काय करतो याचे इतके प्रामाणिक वर्णन दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर माझ्या पाहण्यात नाही. १९७० साली आलेल्या मिनीमूग या त्यांच्या छोट्या सिंथेसायझरवर त्या जागी ‘कटऑफ फ्रीक्वेन्सी’ हे शब्द आले आणि तेच रूढ झाले. नवशिक्यांचा गोंधळ माझ्या मते तेथूनच सुरू होतो.

तंबोऱ्याच्या खर्जातून ज्यांना स्वयंभू गंधार ऐकू येतो, त्यांना एका स्वराच्या पोटात अनेक स्वर असतात हे नव्याने सांगायला नको. सिंथेसायझरच्या ऑसिलेटरमधून, म्हणजे मूळ लहर निर्माण करणाऱ्या भागातून, निघणारी, करवतीच्या दात्यांसारखी दिसणारी लहर घेतली, तर ११० हर्ट्झच्या मूळ स्वराबरोबर २२०, ३३०, ४४०, ५५० असे सगळे उपस्वर तिच्यात असतात. दुसरा निम्म्या जोराचा, तिसरा एक तृतीयांश, असे ते क्षीण होत जातात. यांतला पाचवा, ५५० हर्ट्झचा, हाच आपला गंधार. लोपास फिल्टर ‘कटऑफ’ या ठरावीक वारंवारतेच्या खालचे उपस्वर जाऊ देतो आणि वरचे दाबतो, म्हणून कटऑफ हळूहळू खाली आणला की स्वर तोच राहतो, पण त्याचा झगझगीतपणा उतरत जातो. ‘आ’ म्हणता म्हणता ओठ मिटत ‘ऊ’वर यावे, तसा काहीसा हा बदल असतो, आपले तोंडही एक फिल्टरच आहे. (मूग यांची अशी एक यंत्रणा आपल्याकडेही येऊन गेली आहे: १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ती उभारली होती.)

कटऑफ म्हणजे भिंत नव्हे, उतार आहे. मूग यांच्या फिल्टरमध्ये हा उतार दर सप्तकाला २४ डेसिबल आहे. म्हणजे कटऑफच्या बऱ्याच वर गेल्यावर प्रत्येक सप्तकामागे लहरीची उंची सोळाव्या हिश्शावर येते. काही फिल्टरांचा उतार १२ डेसिबलचा असतो, आणि त्यांतून वरचे उपस्वर थोडे अधिक निसटत असल्यामुळे आवाज मोकळा वाटतो. हायपास (खालचे दाबणारा) आणि बँडपास (दोन्हीकडचे दाबून मधले जाऊ देणारा) यांचे तर्कशास्त्र हेच, फक्त दाबण्याची बाजू वेगळी.

आता त्या रुक्ष नावाकडे वळू. मॉड्यूलर यंत्रात फिल्टरचा कटऑफ कोठे राहील हे एका व्होल्टेजवर ठरते, आणि ते व्होल्टेज म्हणजे एक बेरीज असते. नॉब त्या बेरजेत एक संख्या घालतो, एवढेच त्याचे काम. बाकीच्या संख्या पॅच केबलमधून, म्हणजे मॉड्यूल जोडणाऱ्या तारांतून, येतात: एन्व्हलपमधून (प्रत्येक स्वरागणिक चढून ओसरणारे व्होल्टेज), एलएफओमधून (सावकाश वरखाली झुलणारे व्होल्टेज), कीबोर्डमधून. हिशेब बहुतेक यंत्रांत ‘एका व्होल्टला एक सप्तक’ असा असतो. समजा, नॉबने कटऑफ २०० हर्ट्झवर ठेवला आणि एन्व्हलपने पाच व्होल्ट दिले, तर कटऑफ पाच सप्तके चढून ६४०० हर्ट्झवर जातो आणि एन्व्हलप ओसरला की पुन्हा २०० वर येतो. त्याच वेळी एक व्होल्ट वर आणि एक व्होल्ट खाली झुलणारा एलएफओ जोडलेला असेल, तर तो तळाशी १०० ते ४०० हर्ट्झ एवढाच झोका घेतो आणि शिखरावर ३२०० ते १२,८०० एवढा मोठा. हर्ट्झमध्ये या दोन झोक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण कानाला दोन्ही सारखेच वाटतात, कारण कान फरक मोजत नाही, प्रमाण मोजतो.

ही बेरीज ध्यानात आली की ‘एन्व्हलप जोडला, पण काहीच होत नाही’ या नेहमीच्या तक्रारीचे उत्तर आपोआप मिळते. नॉब आधीच पूर्ण उघडा असतो, फिल्टरमधून सगळेच उपस्वर जात असतात, आणि त्यात आणखी पाच व्होल्टची भर पडली तरी उघडायला काही शिल्लकच नसते. अशा वेळी नॉब आवाज जवळजवळ मिटेपर्यंत खाली आणावा आणि मग इनपुटशेजारचा छोटा अटेन्युएटर, म्हणजे येणाऱ्या व्होल्टेजचा किती भाग बेरजेत घ्यायचा हे ठरवणारा नॉब, सावकाश वाढवावा. काही मॉड्यूलांवर हा छोटा नॉब मध्यावर शून्य असलेला अटेन्युव्हर्टर असतो; तो डावीकडे वळवला की बेरजेची वजाबाकी होते, आणि तेव्हा मोठा नॉब उलट वर ठेवावा लागतो. माझ्या अनुभवात फिल्टर शिकण्याचा निम्मा वेळ या दोन नॉबांचे एकमेकांशी असलेले नाते कळण्यातच जातो.

रेझोनन्सचा नॉब मात्र या बेरजेत नाही. ९०४ए वर त्याचे नाव ‘रीजनरेशन’ होते, म्हणजे बाहेर पडलेल्या लहरीचा काही भाग उलटा करून पुन्हा आत सोडणे. मूग यांच्या ज्या मंडलाला १९६९ मध्ये पेटंट मिळाले, त्यात ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या रचलेल्या आहेत आणि चार टप्प्यांवर एकेक कपॅसिटर आहे. नेमक्या कटऑफच्या वारंवारतेला प्रत्येक टप्पा लहरीला ४५ अंशांनी मागे ठेवतो, म्हणजे चार टप्प्यांत १८० अंश. त्यात उलटी करून आत सोडल्याचे आणखी १८० अंश मिळवले की परतलेली लहर आत येणाऱ्या लहरीशी तंतोतंत जुळते आणि तिला बळ देते. इतर वारंवारतांना हा मेळ साधत नाही. म्हणून रेझोनन्स वाढवला की कटऑफपाशी एक टोकदार शिखर उभे राहते, आणि अशा वेळी कटऑफ अगदी सावकाश फिरवला तर करवती लहरीतले उपस्वर एकेक करून नावानिशी ऐकू येतात, आपला गंधारही.

शिखर किती चढवता येईल? कटऑफपाशी चार टप्पे मिळून लहर चौथ्या हिश्शावर आणतात, म्हणून परत पाठवताना ती चौपट केली की घट आणि वाढ फिटतात आणि फिल्टर आत काहीही न सोडता स्वतःच गाऊ लागतो. याच चौपटीची किंमत खर्जाला मोजावी लागते: खालच्या स्वरांना टप्पे अडवत नाहीत, त्यामुळे त्यांची उलटी लहर त्यांनाच खोडते आणि ते पाचव्या हिश्शावर येतात. रेझोनन्स वाढवल्यावर आवाजाचे वजन गेले असे वाटते ते यामुळे. यंत्र बिघडलेले नसते.

गाऊ लागलेल्या फिल्टरमधून जवळजवळ शुद्ध साइन लहर येते. कीबोर्डचे व्होल्टेज त्या बेरजेत पूर्ण प्रमाणात घातले, तर त्यावर सप्तकभर सरगमही वाजते, अर्थात ट्रान्झिस्टर तापमानाला हळवे असल्यामुळे ती थोडी सुराबाहेर सरकण्याची शक्यता धरूनच. मला त्याहून आवडतो तो याच्या अलीकडचा प्रयोग: रेझोनन्स गाण्याच्या उंबरठ्याच्या किंचित खाली ठेवावा आणि ऑसिलेटर काढून टाकून फिल्टरच्या आवाजाच्या इनपुटमध्ये नुसता एक क्षणिक ट्रिगर, म्हणजे व्होल्टेजचा निमिषभराचा धक्का, सोडावा. टिचकी मारल्यासारखा फिल्टर वाजतो आणि विरतो. कटऑफ खाली असला तर तो आवाज ढोलासारखा वाटतो, वर असला तर लाकडी ठोक्यासारखा, आणि रेझोनन्सचा नॉब केसभर पुढे सरकला की तोच ठोका विरायचाच थांबतो.