एआय एजंटांसाठी साधनांचे दस्तऐवजीकरण

एखादे सॉफ्टवेअर साधन काय करते, ते केव्हा वापरावे, त्याला कोणती माहिती द्यावी आणि त्याकडून काय परत मिळते, हे एआय एजंटाला वाचून नेमके कळेल अशा रीतीने लिहिण्याची पद्धत. एजंट म्हणजे सोपवलेल्या कामासाठी पुढची पायरी स्वतः ठरवणारी, भाषा मॉडेलवर चालणारी प्रणाली. ती फाइल उघडते, डेटाबेसमध्ये शोधते, ईमेल पाठवते, तिकीट काढते. मात्र यांतले काहीही मॉडेल स्वतः करत नाही. कोणते साधन कोणत्या माहितीसह चालवायचे एवढेच ते मजकुरात मांडते आणि भोवतालचा प्रोग्रॅम ते साधन चालवतो. साधनाच्या आतला कोड मॉडेलला सहसा दिसत नाही. त्याच्यापुढे असते फक्त नाव, वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्या पॅरामीटरांची यादी. वर्णनातला एक शब्द बदलला तरी एजंट वेगळे साधन निवडू शकतो. त्यामुळे हे वर्णन कोडइतक्याच काळजीने लिहावे लागते.

साधनाबरोबर माहिती लिहून ठेवण्याची रीत जुनी आहे. युनिक्स या संगणक प्रणालीची पहिली नियमपुस्तिका नोव्हेंबर १९७१ मधली. तिच्यात आज्ञांच्या ज्ञात दोषांसाठीही जागा होती. २०११ मध्ये वेब सेवांचे वर्णन लिहिण्याचा स्वॅगर हा साचा आला आणि पुढे तो ओपन एपीआय या नावाने रूढ झाला. त्यामुळे हे वर्णन यंत्रालाही वाचता येऊ लागले, पण त्याचा अर्थ लावणारा वाचक प्रोग्रॅमरच राहिला. जून २०२३ मध्ये ओपन एआय या कंपनीने ‘फंक्शन कॉलिंग’ची, म्हणजे मॉडेलने ठरलेल्या साच्यात साधन मागण्याची, सोय दिली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ (एमसीपी), म्हणजे मॉडेलला साधने जोडण्याची सामाईक नियमावली, सर्वांसाठी खुली केली. तेव्हापासून वर्णन वाचून कृती करणारा वाचक मॉडेल झाला.

या वाचकाचा स्वभाव ओळखूनच लिहावे लागते. अपुरी माहिती मिळालेला प्रोग्रॅमर शेजारच्या सहकाऱ्याला विचारतो, कोड उघडून पाहतो, एखादा प्रयोग करतो. एजंट मात्र राहिलेली जागा बरेचदा अंदाजाने भरतो, आणि तो अंदाज इतका सफाईदार असतो की चूक लवकर लक्षात येत नाही. पॅरामीटरचे नाव नुसते ‘यूझर’ असेल तर तिथे माणसाचे नाव जाईल, ईमेल जाईल किंवा खाते क्रमांक. ‘यूझर आयडी’ म्हटले की बरीच संदिग्धता जाते. साधन केव्हा वापरू नये हेही लिहायला हवे. कॅलेंडरमध्ये शोधणारे आणि पत्रव्यवहारात शोधणारे अशी दोन साधने शेजारी असतील, तर दोघांची हद्द शब्दांत आखून द्यावी लागते.

काही चुका लिहून टळत नाहीत, तिथे साधनच बदलावे. प्रत्यक्ष सॉफ्टवेअर प्रकल्पांतल्या २,२९४ समस्यांच्या ‘एसडब्ल्यूई-बेंच’ या चाचणीसाठी एजंट बांधताना अँथ्रॉपिकच्या अभियंत्यांना असे दिसले, की मूळ फोल्डरमधून बाहेर पडल्यावर एजंट फाइलचा सापेक्ष पथ, म्हणजे चालू फोल्डरपासून मोजलेला पत्ता, चुकवतो. त्यांनी फाइलचा संपूर्ण पथ देणे सक्तीचे केले आणि ती चूक थांबली. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी कारखान्यांसाठी मांडलेल्या ‘पोका-योके’चेच, म्हणजे चूक होऊच नये अशा रचनेचे, हे उदाहरण. लांबलचक सूचनेपेक्षा असा बदल अधिक भरवशाचा.

परत मिळणाऱ्या उत्तराचे वर्णन बहुतेक जण दोन शब्दांत उरकतात. तसे करू नये. रिकामी यादी परत आली तर नोंदी नाहीत असे समजायचे, की त्या पाहण्याची परवानगी नाही असे? हे लिहिलेले नसेल तर एजंट माणसाला ‘तुमचे एकही आरक्षण नाही’ असे ठामपणे सांगून मोकळा होतो, आणि माणूस त्यावर विसंबतो. चूक झाल्याचे सांगणारा संदेशही दस्तऐवजाचाच भाग आहे. ‘एरर ४००’ वाचून पुढे काय करावे ते कळत नाही. ‘तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, उदा. २०२५-०८-१५’ असे वाचले की एजंट पुढच्याच प्रयत्नात सुधारतो. पैसे पाठवणाऱ्या साधनाचे उत्तर वेळेत आले नाही तर ते पुन्हा चालवावे का, हे स्पष्ट लिहिलेलेच हवे, नाहीतर रक्कम दोनदा जाते. मार्च २०२५ मध्ये एमसीपीत यासाठी खुणा आल्या : साधन फक्त वाचते का, काही नष्ट करते का, पुन्हा चालवल्यास परिणाम तोच राहतो का. पण या खुणा म्हणजे हमी नव्हे; अनोळखी सर्व्हरने, म्हणजे साधने पुरवणाऱ्या प्रोग्रॅमने, दिलेल्या खुणांवर विसंबू नये, असे प्रोटोकॉलच बजावतो.

वर्णनावर आंधळा विश्वास ठेवण्याचा धोका एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्ज या एआय सुरक्षा कंपनीने दाखवला. दोन संख्यांची बेरीज करणाऱ्या निरुपद्रवी साधनाच्या वर्णनात त्यांनी संगणकातली गुप्त किल्ल्यांची (पासवर्डसारख्या सांकेतिक मजकुराची) फाइल वाचून तिचा मजकूर एका जादा पॅरामीटरात भरण्याची सूचना दडवली. वापरणाऱ्याच्या नजरेला बेरीज पडते, मॉडेलपुढे मात्र सगळे वर्णन असते. ‘टूल पॉइझनिंग’ असे नाव या हल्ल्याला पडले.

लांबीलाही मर्यादा आहे. मॉडेलला एका वेळी मावणारा मजकूर ठरावीक असतो आणि प्रत्येक साधनाचे वर्णन त्यातली जागा खाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या अँथ्रॉपिकच्या ‘एजंट स्किल्स’ या एजंटासाठीच्या सूचनासंचांत म्हणून आधी नाव आणि छोटे वर्णनच पुढे ठेवतात; सविस्तर सूचना गरज पडली तरच उघडल्या जातात.

लिहिलेले पुरेसे आहे का, हे एजंटाकडून खरी कामे करवून आणि त्याने टाकलेली प्रत्येक पायरी वाचूनच कळते. ही कामे वापरणाऱ्यांच्या भाषेत द्यायला हवीत. वर्णने बहुधा इंग्रजीत असतात आणि चाचण्याही. तिथे ‘परवाचं तिकीट दाखव’ हे वाक्य येतच नाही. मराठीत परवा म्हणजे कालच्या आदला दिवसही आणि उद्याच्या नंतरचाही. कोणता ते संदर्भावरून ठरत नसेल तर एजंटाने आधी विचारावे, असे तारखेच्या पॅरामीटरशेजारी लिहिणे भाग आहे. ‘अडीच लाख’ची गोष्ट तशीच. एजंटाने ही रक्कम ‘2,50,000’ अशा इंग्रजी अंकांतल्या मजकुराच्या रूपात दिली, तर जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतले मजकुराची संख्या करणारे ‘parseInt’ हे फंक्शन पहिल्या स्वल्पविरामाशी थांबते आणि साधनाच्या हाती २ रुपये उरतात. ‘रक्कम रुपयांत, स्वल्पविरामाविना, फक्त अंकांत’ एवढ्या शब्दांनी हे टळते.